एक कमी हाय

अन्याय झाला तो वडगावच्या टुरिंग टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडणाऱ्या माणसावर. कधी झाला? बांगलादेशची लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका शनिवारी, पहिल्या खेळात, चौदावं रीळ संपत असताना. कुणी केला? मालकाने केला, टाळ्या वाजवणाऱ्यांनी केला आणि मी केला. माझा वाटा शेवटी सांगणार आहे. चुकवायचा म्हणून नव्हे. आधी माणूस कळला पाहिजे, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला फारसं वाईट वाटणार नाही.

त्याचं नाव मी लिहीत नाही. ते एका अर्जावर आहे. गावातल्याच माणसांनी दिलेला अर्ज आहे तो, आणि नावापुढे 'धोकादायक इसम' असं लिहिलंय. ते खोडलं जाईपर्यंत माझ्या हातून ते नाव कागदावर उतरणार नाही. लोक त्याला मेजर म्हणायचे. तो मेजर नव्हता. साधा शिपाई होता, चीनच्या लढाईनंतर घरी पाठवलेला. चहाच्या टपरीवर बसलेले रिकामटेकडे त्याला बघून उभे राहायचे, टाचा जुळवून "मेजरसाब, सलाम!" म्हणायचे. तो थांबायचा, त्यांच्याकडे नीट बघायचा आणि म्हणायचा, "मेजरसाब वरच ऱ्हायले." लोक हसायचे. मीही हसलोय. 'वर' म्हणजे कुठे, हे कळायला मला तीन वर्षं लागली.

मी त्याला भाऊ म्हणायचो.

हा कागद पुण्यापर्यंत गेला तर तिथल्या वाचकांना टुरिंग टॉकीज म्हणजे काय हे सांगायला हवं. बाजारतळाच्या कडेला मोठा तंबू, चहूबाजूंनी कनात, मधे दोन बांबूंवर पडदा. पुढे मातीत बसायचं, मागे बाकं. तंबूत उजेड शिरतो म्हणून पहिला खेळ दिवस मावळल्यावर. पावसाळा आला की तंबू गुंडाळायचा. मशीन एकच. त्यामुळे दर रीळ संपलं की दिवा लागायचा, ऑपरेटर दुसरं रीळ चढवायचा, तेवढ्यात लोक बिडी पेटवायचे, शेंगा सोलायचे, पुन्हा अंधार. ऑपरेटर तळेगावचे एक मुसलमान गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. मशीनच्या गरमीने त्यांच्या भुवया कायमच्या जळालेल्या. मी कॉलेजात नापास होऊन घरी बसलेला. अक्षर बरं, भाषा झणझणीत, म्हणून मालकाने मला हँडबिलं लिहायला ठेवलेलं. एरवी मी आमच्या युवक मंडळाची पत्रकं लिहायचो, पाण्याच्या प्रश्नावर, रेशनवर. दोन्हीकडे उद्गारचिन्हं तेवढीच लागायची.

आणि दारावर भाऊ.

तिकीट फाडायची त्याची रीतच निराळी. एका हाताने तिकीट घ्यायचा, दुसऱ्या हाताने तुमचं मनगट धरायचा. घट्ट. मग तोंडाकडे बघायचा, ओळख पटल्यासारखी मान हलवायचा आणि मनगट सोडायचा. बायका तक्रार करायच्या, त्यांच्यापुरतं त्याने मनगट सोडून दिलं, पण बघणं नाही सोडलं. फाडलेली अर्धी तिकिटं तो एका तारेत ओवायचा. खेळ सुटला की दारात उभा राहून बाहेर पडणारी डोकी मोजायचा आणि तारेवरच्या तिकिटांशी मेळ घालायचा. जुळलं की तार खुंटीला. नाही जुळलं तर कंदील घेऊन तंबूभर फिरायचा, बाकांखाली बघायचा. कुणीतरी झोपलेलं सापडायचं. त्याला उठवून, पाठीवर हात ठेवून दारापर्यंत आणायचा. मगच तंबू बंद.

मला तिकीट नव्हतं, मी घरचा. पहिल्या दिवशी मी तसाच आत निघालो तर मनगट धरलं.

"थांब की. तू कोन?"

"भाऊ, मी हँडबिलवाला. मला तिकीट लागत नाही."

"तिकीट न्हाई म्हून तू मानूस न्हाई व्हय?"

माझ्या काखेतल्या गठ्ठ्यातून त्याने एक गुलाबी हँडबिल ओढलं, त्याचा कोपरा फाडला आणि तारेत ओवला. पुढे रोज तसंच. पांढऱ्या तिकिटांच्या माळेत एक गुलाबी तुकडा. हा तुकडा लक्षात ठेवा.

त्याला बिडीचं वावडं नव्हतं, पण पेटत्या बिडीचं होतं. अंधारात कुणाची बिडी लकाकली की तो वाकत वाकत जायचा, त्या माणसाच्या दोन्ही तळव्यांची ओंजळ करून बिडी तिच्यात लपवायचा. "असं धर. लांबून दिसतंय." लोक म्हणायचे, "कुनाला दिसतंय मेजर? तुज्या बायकूला?" तो पुढच्या बिडीकडे वळायचा. शिट्टी मात्र खपवून घ्यायचा नाही. नटी पडद्यावर आली की पुढची मंडळी शिट्ट्या मारणारच. हा दारातून ओरडायचा, "त्वांड बंद!" आणि त्या आवाजाने, खरं सांगतो, अख्खा तंबू गप्प व्हायचा. त्या आवाजात राग नव्हता. भीती होती. आणि मोठ्या माणसाच्या आवाजात भीती ऐकली की आपल्याला ती लगेच चिकटते.

तो घोरावाडी स्टेशनाच्या अलीकडे दोन खोल्यांत राहायचा. त्याच्याकडे जायचं तर एक नियम होता. चिंचेच्या वळणावरूनच हाळी घालायची. आपलं नाव सांगायचं, आतून "ये" आलं तरच पुढे व्हायचं. त्याची बायकोसुद्धा नळावरून पाणी घेऊन येताना वळणावर हंडा वाजवायची आणि म्हणायची, "मी हाय वो, मी." स्वतःच्या घरात शिरताना, दिवसातून पाच वेळा. मी तिला वहिनी म्हणायचो. मला आधी ते गमतीचं वाटलं. मग एकदा संध्याकाळी बघितलं, तिने घरातला कोयता आणि विळी फडक्यात गुंडाळली आणि शेजारणीच्या घरी नेऊन ठेवली.

"हे कशाला, वहिनी?"

"सकाळी आनते की परत."

"भाऊ मारतो का तुम्हाला?"

ती माझ्यावर अशी उखडली. "त्यानी आजवर माज्यावर हात न्हाई उचलला. तुमच्यातल्या किती जनांचं आसं सांगता येईल, सांग बरं?" मग आवाज उतरला. "झोपंत त्याला मी कोन हाय ते कळत न्हाई रं. तेवडंच."

घरामागे त्याने कंबरभर खोल खड्डा खणलेला. लांबट, एका माणसाला बसता येईल असा. शेजारीपाजारी विचारायचे तर वहिनी सांगायची, शेणखताचा आहे. त्यांच्याकडे जनावर एकही नव्हतं.

आता लढाईच्या सिनेमाकडे येतो.

त्या काळात लढाईचे सिनेमे मालकाला फार चालायचे. हा एक त्यातलाच, काळापांढरा, सोळा रिळांचा. नाव सांगत नाही, कारण मालकाची फुकट जाहिरात मला करायची नाही. पहिली दहा रिळं प्रेम आणि गाणी, मग लढाई, चौदाव्या रिळाच्या शेवटी चौकी जिंकून झेंडा लागतो. पंधरावं आणि सोळावं रीळ म्हणजे नायक घरी येतो ते. आता झेंडा लागला की लोकांच्या दृष्टीने सिनेमा संपला. दिवा लागायचा आणि निम्मा तंबू उठायचा. कुणाला शेवटची लोकल पकडायची, कुणाची म्हैस पिळायची राहिलेली.

आणि दारात भाऊ हात आडवे करून उभा.

"बसा."

"अरं संपलं की मेजर! जितलो की आपुन!"

"बसा. त्यो अजून घरी पोचला न्हाई."

"त्यो पोचंल, आमची गाडी चुकंल!"

"बसा म्हनतो न्हवं."

काही बसायचे, काही त्याच्या हाताखालून वाकून जायचे, काही शिव्या द्यायचे. आठ दिवस हा तमाशा चालला. नवव्या दिवशी मालक चाचांना म्हणाला, "पंधरा-सोळा चढवूच नका. झेंडा लागला की राष्ट्रगीताची फिल्म लावा. लोक उभे राहतील, तसेच बाहेर पडतील. काय वाईट आहे?"

चाचा म्हणाले, "मालक, ती रिळं ठिवू कुटं? मेजर डबे मोजतो."

"टेबलाखाली ठेवा. मोजू दे."

इथे भाऊचं दुसरं काम सांगायला हवं. सिनेमाची पेटी लोणावळ्याच्या थिएटरातून आणायची ती भाऊच आणायचा. तिथे सिनेमा उतरला की आमच्याकडे चढायचा. पेटी तो ब्रेकच्या, म्हणजे सामानाच्या डब्यात टाकू द्यायचा नाही. लोकलमध्ये खिडकीकडे पाठ करून बसायचा, पेटी दोन पायांच्या मधे, कामशेत गेलं की एकदा उघडून रिळांचे डबे मोजायचा, कान्हे गेलं की पुन्हा एकदा. लोणावळ्याच्या पुढे मात्र तो आयुष्यात गेला नाही. पुढे बोगदे आहेत.

पुढे हाच सिनेमा दुसऱ्यांदा आणायचा होता तेव्हा मालकाने मला त्याच्याबरोबर धाडलं. पोचलो तेव्हा तिथे दुपारचा खेळ चालू होता, हाच सिनेमा, शेवटचा दिवस. झेंडा लागला आणि लोणावळ्याचं पब्लिकही उठलं. मुंबईची हवापालटाला आलेली माणसं, हातात चिक्कीची पाकिटं, खुर्च्या खाडखाड वर. पाच मिनिटांत थिएटर रिकामं. आम्ही दोघंच मागे उभे. मग पहिल्यांदा मी ती दोन रिळं बघितली.

नायक गावी उतरतो. हार, बँड, आई ओवाळते. मग तो घरात येतो आणि पलंगावर न झोपता जमिनीवर झोपतो. भांडं पडतं, तो भिंतीला चिकटतो. गावातले लोक आधी हसतात, मग घाबरतात, मग त्याच्या दारावरून जायचं बंद करतात. तो आतून कडी लावून बसतो. बायको दाराबाहेर बसून राहते, ऊन, पाऊस, सगळं. शेवटच्या दृश्यात कडी निघते. तेवढंच.

मी बाजूला बघितलं. भाऊने माझं मनगट धरलेलं होतं. कधी धरलं ते मला कळलं नव्हतं. बोटं पांढरी पडलेली, त्याची नाही, माझी.

परतीच्या लोकलमध्ये मी म्हणालो, "भाऊ, शेवट चांगला आहे."

"खोटा हाय."

"का?"

"दोन रिळात पोचत न्हाई कोन. मला धा वर्सं झाली."

"मग लोकांना बसा बसा का म्हणता?"

तेवढ्यात गाडी मळवलीला थांबली. बाहेर खाणीत सुरुंग लावायचे दिवस होते. भोंगा झाला तसा तो पेटीवर ओणवा झाला, दोन्ही हात डब्यांवर, डोकं आत. धडाका झाला. समोर एक दूधवाला बसला होता, तो हसला आणि माझ्याकडे बघून कानाजवळ बोट फिरवलं. मी काय केलं? मीही ओशाळं हसलो, माझा याच्याशी संबंध नाही अशा थाटात. गाडी हलली तेव्हा भाऊ उठून सरळ बसला आणि मगाचंच बोलणं पुढे चालू केलं, मधे काही झालंच नाही असं.

"खोटा तर खोटा. दाखवत्यात तरी. बाकीच्या शिनमात ते बी न्हाई. झेंडा लागला, चला घरी."

आणि मग त्याने 'वर' म्हणजे काय ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं. बर्फातून माघार घेत उतरत होते. वाट एका माणसाची. मेजरसाहेब पडले ते पहिल्याच दिवशी. ज्याच्याकडे कारभार आला त्याने भाऊला सांगितलं, तू शेवटी चाल आणि मोजत राहा. भाऊ मोजत राहिला. दिवसभर चौदा. रात्रभर चौदा. पहाटे उजाडल्यावर तेरा.

"कवा निसटला, कळ्ळंच न्हाई. माज्या फुडंच व्हता की त्यो. मी फुडच्याची पाठ मोजत व्हतो नुसती. झोपंत मोजलं आसंल, वाटलं चौदा. परत फिरतो म्हनालो तर फिरू देईनात." त्याने पेटीचं झाकण उघडलं, डबे मोजले, झाकण लावलं. "त्येला हाळी द्यायला पायजे व्हती. एकदा नुसतं वरडला आस्ता, 'मी हितं हाय.' मी थांबलो आस्तो."

हे मला ठाऊक होतं. पुढे जे झालं ते माझ्याकडून अजाणता झालं, असं मला म्हणताच येणार नाही.

बांगलादेशची लढाई जिंकली म्हणून मालकाने तो सिनेमा पुन्हा आणला होता; पंधरा-सोळा या खेपेलाही टेबलाखालीच गेली. म्हणाला, या वेळी काहीतरी जोरदार लिही. खरा जवान आपल्या दारात उभा आहे आणि आपण त्याचा उपयोग करत नाही! मी लिहिलं. मला शब्दन् शब्द आठवतो. 'खरा जवान! खरा धमाका! पडद्यावर नव्हे, तुमच्या कानाशी! या आणि रणांगण अनुभवा!' खरा धमाका म्हणजे चौदाव्या रिळाला पडद्यामागे सुतळी बॉम्ब फोडायचे, एकामागून एक बारा. मालकाने मला सगळं सांगितलं होतं. मी विचारलंही, "भाऊला सांगितलंत का?"

"सांगितलं तर मजा काय?" मालक म्हणाला. "सैनिक माणूस. त्याला काय फटाक्याचं?"

मी मळवलीला त्या माणसाला पेटीवर ओणवं झालेलं बघितलं होतं. मी काही बोललो नाही. हँडबिल छान जमलं होतं. मंडळातल्या पोरांनीही पाठ थोपटली होती, देशप्रेम जागवतोस म्हणून.

त्या शनिवारी तंबू फुटायला आलेला. भाऊने तारा दोन जोडल्या तरी तिकिटं मावेनात. माझा गुलाबी कोपरा अगदी शेवटी ओवला. "लय मानसं," तो पुटपुटला. "लय झाली. मोजनार कसं?" कपाळावर घाम होता. मी म्हणालो, "आज नका मोजू भाऊ." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे सरकलो आणि पडद्याजवळ कनातीला टेकून बसलो.

चौदावं रीळ. पडद्यावर चौकीवर चढाई. आणि पडद्यामागे पहिला बॉम्ब फुटला.

लोक किंचाळले, मग हसले, मग टाळ्या. दुसरा, तिसरा. धूर पुढे आला. तंबूत बारा बॉम्ब काय आवाज करतात याची मालकाला कल्पना नव्हती, मला नव्हती. माझे कान बंद झाले आणि त्या बंद कानांतूनही मला तो आवाज ऐकू आला. "खाली! खाली पडा! डोकी खाली!" तो दारातून आत धावत येत होता, वाटेतल्या माणसांना खांद्याला धरून मातीत पाडत होता. पेठेतला किराणा दुकानदार उभा राहून टाळ्या वाजवत होता, त्याला भाऊने पाडलं आणि त्याच्यावर आडवा पडला, स्वतःच्या पाठीने त्याला झाकून. दुकानदाराचा हात बाकात अडकून मोडला. आता टाळ्या थांबल्या. आता लोक खरोखर घाबरले.

चाचांनी मशीन बंद करून दिवा लावला. भाऊ उठला, दारात गेला. वाटेतला एक खुंटा उपटलेला, तो हातात. दाराला पाठ लावून उभा राहिला.

"कोन जायाचं न्हाई. मोजनार हाय मी."

मी हे बघितलं नाही. मी तेव्हा तिथे नव्हतो. पाचव्या का सहाव्या बॉम्बला मी कनात उचलून पोटावर सरपटत बाहेर गेलो होतो.

बाहेर रेल्वेच्या बाजूला खडीचे ढीग होते. त्यांच्यामागे मी बसलो. भीती बॉम्बची नव्हती, ते दिवाळीचेच होते, मला माहीत होतं. भीती त्याच्या आवाजाची होती. कापडाच्या एका पडद्याआड, माझ्यापासून वीस पावलांवर, तो मोजत होता. मोठ्याने, एकेक. आत बायका रडत होत्या, कुणी ओरडत होतं, "सोड रं, लेकरं हायती," आणि त्या सगळ्यातून त्याची मोजणी चालू. संपली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा संपली.

"एक कमी हाय," तो म्हणाला.

चाचांचा आवाज आला, "मेजर, सगळी हायती. दार सोड."

"एक कमी हाय, चाचा. तारंवर हाय, हितं न्हाई." मग मोठ्याने, अख्ख्या बाजारतळाला ऐकू जाईल असं: "कोन ऱ्हायलंय? हाळी द्या! मी थांबतो, हाळी द्या नुसती!"

मला तोंड उघडायचं होतं. तीन शब्द. 'मी हाय, भाऊ.' वहिनी दिवसातून पाच वेळा म्हणते तेवढे. मी म्हटले नाहीत. तो माझं मनगट धरेल, याचीच भीती. त्याने चार वेळा हाळी मागितली. चौथ्या वेळी आवाज फुटला होता. मी खडीच्या ढिगामागे दोन्ही हात तोंडावर दाबून बसलो होतो, आणि तो एका माणसासाठी दीडदोनशे माणसांना अडवून उभा होता. तो एक मी होतो. गुलाबी कोपरा.

मग आतली माणसं त्याच्या अंगावर गेली. त्याने खुंटा कुणावर उगारला नाही, हे चाचांनी मला शपथेवर सांगितलंय. खुंटा शेवटपर्यंत खालीच होता. लोकांनी त्याला कनातीच्या दोरांनी बांधलं. बांधत असताना तो एवढंच म्हणत होता, "अजून घरी पोचला न्हाई त्यो."

दुसऱ्या दिवशी अर्ज झाला. 'सदर इसम धोकादायक असून लोकांच्या जिवास भीती आहे.' सह्या पटापट पडल्या. त्याला पुण्याच्या इस्पितळात नेलं. बॉम्ब कुणी फोडले हे अर्जात नाही. हँडबिल कुणी लिहिलं हे अर्जात नाही. कोण कमी होता, हे तर कुणी विचारलंच नाही. मालकाने दुसऱ्या शनिवारी दारावर नवा माणूस उभा केला. तो तिकिटं फाडतो आणि जमिनीवर टाकतो.

मी गप्प बसलो, दोन पावसाळे. पत्रकं लिहीत होतो. अन्यायावर.

गेल्या महिन्यात मी घोरावाडीला गेलो. वळणावर पाय अडखळला. घरात तो नव्हता, हाळी घालायचं कारण नव्हतं, तरी मी घातली. नाव सांगितलं. वहिनी दारात आली. "त्यो गेल्यापासून तूच पयला वरडलास," ती म्हणाली. तिला सगळं सांगितलं, खडीच्या ढिगासकट. ती रागावली नाही, हेच वाईट. ती आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेली तार घेऊन आली. चाचांनी त्या रात्री दारातून उचलून तिच्याकडे दिलेली. तिकिटांचे कोपरे वाळवीने खाल्लेत. गुलाबी तुकडा आहे, टोकाला.

"डागदर म्हनत्यात," ती म्हणाली, "आता नेला तरी चालंल. पर गावानं लिहून दिलं पायजे. ज्या गावानं नगं म्हनलं, त्याच गावानं ये म्हनलं पायजे. मी दारोदार फिरले रं. लोक दार लावून घेत्यात. भ्यात्यात." तिने तार पुन्हा फडक्यात गुंडाळली. "मी बी भेते. मी काय न्हाई म्हनत न्हाई. तरी बी त्यो माजा हाय."

कोयता आता घरातच होता, कोनाड्यात. तिनेच दाखवला. "तो आला की परत शेजारी ठिवीन. त्यात काय एवडं?"

आम्ही नवा कागद केला. पहिला अंगठा वहिनीचा. दुसरी सही चाचांची. तिसरी माझी, आणि सहीखाली मी लिहिलंय की त्या दिवशी कमी होतो तो मी. चौथ्या सहीसाठी मी पेठेत गेलो, किराणा दुकानात. मला वाटलं हाकलून देतील. दुकानदाराने कागद दोनदा वाचला. त्यांचा डावा हात अजून कोपरातून सरळ होत नाही.

"मला भीती वाटते त्याची," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. अजून फटाका वाजला की तो अंगावर आहे असं वाटतं." पेन शोधलं, टोपण उघडलं. "पण एक सांगतो. त्या गर्दीत माझ्यावर पालथा पडणारा तो एकटाच होता. माझा स्वतःचा भाऊ दाराकडे पळाला." आणि सही केली.

चार झाल्या. चारांनी गाव होत नाही.

म्हणून आता तुम्हाला, वडगावकरांना, तळेगावकरांना, घोरावाडीपासून कामशेतपर्यंत ज्यांच्या हातात हा कागद पडेल त्यांना सांगतो. त्या शनिवारी तुम्ही तंबूत होतात. तुम्ही झेंड्याला टाळ्या वाजवल्यात, बॉम्बलाही वाजवल्यात. तुमचं अर्धं तिकीट या तारेवर आहे. तुम्हाला वाटलं तुम्ही घरी आलात आणि खेळ संपला. चाचा सांगतात, ती दोन रिळं पेटीतून परत गेलीच नाहीत, अजून टेबलाखाली आहेत.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता वडगावच्या कचेरीसमोर या. सही येत असेल तर सही करा, नसेल तर अंगठा द्या. एकटे येऊ नका, शेजाऱ्याला घेऊन या. भीती वाटत असेल तर भीतीसकट या, आम्ही चौघंही तसेच येणार आहोत. मी दारात तार घेऊन उभा असेन आणि मोजेन. मला मनगट धरायला लावू नका. लांबूनच हाळी द्या.